ग्रुपमध्ये ‘लीड’, म्हणजे नवं गिऱ्हाईक, शोधणाऱ्यांना एका द्राक्ष बागाईतदाराचं खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या सोशल मीडिया मार्केटिंग करणाऱ्या एजन्सी, त्यांना महिन्याचे पैसे देणारे औषधं-टॉनिकवाले, प्लॉटवाले, क्लासवाले, आणि ‘आमच्याकडे द्राक्षवाल्या शेतकऱ्यांचा डेटा आहे’ असं सांगून तो विकणारे सगळे.

नमस्कार.

ऐन गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या, हंगामात आम्हाला आमचा सोशल मीडियावरचा द्राक्षवाल्यांचा ग्रुप अर्धा बंद करावा लागलाय. म्हणजे नवीन मेंबर घेणं थांबवलं, आणि जे आत आहेत त्यांचीही पोस्ट आम्ही बघून पास केल्याशिवाय कुणाला दिसत नाही. निर्णय आम्ही घेतला, पण तो घ्यायची वेळ तुमच्यामुळे आली. खाजगीत सांगून झालंय. एक तर मेसेजला उत्तर येत नाही, आलं तर ‘ओके सर’ येतं आणि संध्याकाळी दुसऱ्याच नावाने तीच जाहिरात पडते. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे ग्रुपमधल्या शेतकऱ्यांनाही कळेल की त्यांची पोस्ट तासन्तास अडकून का राहते आणि दोन चांगले मॉडरेटर काम सोडून का गेले.

मी निफाड तालुक्यातला. घरची बाग आहे, थॉमसन जास्त आणि थोडी शरद. या ग्रुपचं अ‍ॅडमिनचं काम आम्ही पाच जण बघायचो, आता तिघं उरलोय. एक जण सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करून बाग बघतो, एक ताई दिंडोरीकडच्या आहेत, स्वतःचा प्लॉट स्वतः सांभाळतात. कुणाला यातून एक रुपया मिळत नाही आणि कुणी मागितलेलाही नाही. पिंपळगाव, ओझर, वणी, चांदवड, सटाणा, सगळीकडचे लोक यात आहेत, सांगली-तासगावचेही आहेत. सटाण्याकडचे अर्लीवाले जून-जुलैतच छाटणी धरतात, त्यामुळे त्यांच्या बागेत जे घडतं त्यावरून आम्हा ऑक्टोबर छाटणीवाल्यांना आधीच अंदाज येतो. ग्रुपची किंमत यात आहे.

तुम्हाला द्राक्षातलं किती माहीत आहे मला ठाऊक नाही, म्हणून थोडं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय माझा राग कळणार नाही. छाटणीनंतर डोळे फुटतात, पोंगा म्हणजे कोवळा कोंब येतो, पाच-सहा पानं होतात, घड बाहेर दिसायला लागतो आणि मग फुलोरा. हा सगळा काळ डाऊनीचा, म्हणजे केवड्याचा. रात्री पाऊस झाला, पानं सकाळपर्यंत ओली राहिली, ढगाळ वातावरण राहिलं की पानावर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी बुरशी. ती घडावर गेली की दोन-तीन दिवसांत घड जातो आणि त्या वर्षाचं उत्पन्न त्याच्याबरोबर जातं, कारण घड पुन्हा येत नाही, पुढच्या छाटणीची वाट बघावी लागते. कर्ज मात्र थांबत नाही. सोसायटीचं, दुकानदाराच्या उधारीचं, सगळं चालू राहतं.

अशा वेळी माणूस पहाटे पाचला बागेतून फोटो टाकतो. ‘चिखल आहे, ट्रॅक्टर घालता येत नाही, डस्टिंग करू (भुकटी धुरळू) का थांबू?’ किंवा ‘हा डाग डाऊनीचा आहे का करप्याचा?’ त्याला उत्तर पाहिजे असतं ते आत्ता, तासा-दोन तासात. आणि मिळायचं! निवृत्त कृषी सहाय्यक आहेत ग्रुपमध्ये, पन्नास वर्षं बाग केलेले आप्पा आहेत, शेतीची डिग्री घेऊन घरी परत आलेली पोरं आहेत. कुणीतरी जागं असायचंच. एकाने सांगितलेलं चुकीचं असेल तर दुसरा लगेच म्हणायचा, ‘नाही, हे औषध या स्टेजला मारू नका, घड आखडेल.’ एकट्या दुकानदाराच्या सल्ल्यात ही सोय नसते.

आता त्याच पहाटेच्या पोस्टच्या वर काय असतं? ‘एका फवारणीत डाऊनी साफ, संपर्क करा.’ ‘कुंभमेळ्याआधी त्र्यंबक रोडला प्लॉट, शेवटचे काही शिल्लक.’ ‘घरबसल्या कमवा.’ ‘माझ्या चॅनलला सबस्क्राईब करा, पूर्ण माहिती व्हिडिओत.’ त्या चॅनलवर गेलं की निम्मा व्हिडिओ ओळख करून देण्यात जातो आणि शेवटी एक नंबर. शेतकऱ्याचा प्रश्न खाली खाली सरकत जातो. दुपारी कुणाला दिसला तर दिसला.

आम्ही हे थांबवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तुम्ही आणि आम्ही गेला बराच काळ पाठशिवणीचा खेळ खेळतोय आणि तुम्ही काय काय केलंत ते इथे लिहून ठेवतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं जाहिरात आली तर डिलीट करायची, त्यात काय एवढं.

आधी तुम्ही सरळ जाहिरात टाकायचात. आम्ही डिलीट करून माणसाला काढायचो. मग आम्ही काही शब्द आणि दहा आकडी नंबर आपोआप अडवायची सेटिंग लावली. तर नंबर अक्षरात यायला लागले, ‘नऊ आठ दोन शून्य’ असे, किंवा मध्येच टिंब आणि स्टार घालून. ते अडवलं तर सगळा मजकूर फोटोत यायला लागला, फोटोतली अक्षरं फिल्टरला वाचता येत नाहीत. त्यानंतर क्यूआर कोड. मग पोस्ट साधी, फक्त पानाचा फोटो आणि ‘यावर उपाय काय?’, आणि लिंक खाली पहिल्या कॉमेंटमध्ये. आम्ही कॉमेंटमधल्या लिंक बंद केल्या तर तुम्ही आधी साधी पोस्ट पास करून घ्यायला लागलात आणि आम्ही पास केल्यावर ती एडिट करून त्यात दुकानाचा पत्ता घालायला लागलात. रात्री दोन-तीनला टाकायची, कारण अ‍ॅडमिन झोपलेले असतात, सकाळपर्यंत शेकडो लोकांनी बघितलेली असते, मग काढली तरी तुमचं काम झालेलं.

ही सगळी टेक्निकची गोष्ट झाली, त्याचा मला तेवढा त्रास नाही. त्रास खोट्या माणसांचा आहे.

द्राक्षाच्या घडाचा डीपी लावून, ‘जय जवान जय किसान’ लिहून तुमचा माणूस आत येतो. आम्ही विचारतो गाव कोणतं, छाटणी कधी, लागण किती बाय किती, रूटस्टॉक म्हणजे कलमाचा खुंट कोणता. पहिल्यांदा ही उत्तरं यायची नाहीत. आता तुम्ही ती पाठ करून घेतलीत. तो माणूस महिनाभर गप्प बसतो, कुणाच्या पोस्टवर ‘छान माहिती दादा’ लिहितो, कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. मग एक दिवस एक अकाउंट विचारतं, ‘मण्याची साईज वाढत नाही, काय करावं?’ आणि पाचच मिनिटांत दुसरं अकाउंट उत्तर देतं, ‘दादा मी पण हैराण होतो, अमुक टॉनिक वापरलं, फरक बघा.’ तिसरं अकाउंट येतं, ‘नंबर मिळेल का?’ विचारणारा, सांगणारा आणि नंबर मागणारा तिघंही एकाच ऑफिसातले. खरा शेतकरी हे वाचतो आणि त्याला वाटतं तीन बागाईतदारांचा अनुभव आहे. तो पैसे खर्च करतो, ते उधारीचे असतात.

हे मला सगळ्यात जास्त लागतं. आमच्याकडे माणूस माणसाच्या शब्दावर औषध मारतो. शेजारच्याने काय मारलं, त्याला काय रिझल्ट आला, यावर निम्मी शेती चालते. तो शब्दच तुम्ही नकली केलात तर खऱ्या माणसाच्या शब्दावरही कुणी भरवसा ठेवणार नाही. हे होतंय, मी बघतोय. एका जुन्या जाणत्या बागाईतदाराने स्वतःच्या अनुभवाने एका औषधाचं नाव सांगितलं तर खाली लगेच लिहिलेलं, ‘कंपनीकडून किती मिळाले?’ त्या माणसाने त्यानंतर ग्रुपवर लिहिणं सोडलं. त्यांचं उत्तर आता कुणालाच मिळत नाही.

फोटोंचं तर विचारू नका. आमच्या एका मेंबरने मागच्या हंगामात आपल्या बागेतल्या घडांचे फोटो टाकले होते, सुंदर प्लॉट, वर्षभराची मेहनत. काही दिवसांनी तेच फोटो एका टॉनिकच्या जाहिरातीत, खाली लिहिलेलं ‘आमच्या प्रॉडक्टचा रिझल्ट’. त्या बागेत ते टॉनिक कधी गेलंच नव्हतं. त्याने तुम्हाला फोन केला तर उत्तर मिळालं की फोटो नेटवर होता. नेटवर असला म्हणून तो तुमचा होतो का? तो प्लॉट त्याच्या बायकोने आणि त्याने उन्हात थिनिंग करून, म्हणजे घडातले जादा मणी काढून, उभा केलाय.

आणि नंबर. ग्रुपमध्ये माणूस आपला नंबर विश्वासाने देतो, रोपं पाहिजेत, मजूर टोळी पाहिजे, व्यापारी कसा आहे विचारायचंय, म्हणून. तुम्ही ते नंबर उचलता, यादी करता, आणि यादी पुढे विकता. मग त्या माणसाला सकाळ-संध्याकाळ इनबॉक्समध्ये मेसेज. इनबॉक्समध्ये काय चाललंय ते आम्हाला दिसतच नाही, आम्ही तिथे काहीच करू शकत नाही. एसएमएस आणि कॉलची तक्रार करायला १९०९ तरी आहे, चॅट अ‍ॅपमधल्या मेसेजला तो नियम लागू होत नाही, आणि तुम्हाला हे माहीत आहे म्हणूनच तुम्ही तिकडे वळलात. पण २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा पास केलाय आणि त्याचा पाया संमती हा आहे. रोपवाटिकेचा पत्ता विचारणाऱ्या माणसाने तुमच्या यादीत जायला संमती दिलेली नाही.

काढून टाकलं की तुम्ही फोन करता. काही जण नीट बोलतात. काही जण म्हणतात, ‘तुम्ही दुसऱ्या कंपनीचे एजंट आहात म्हणून आमचं काढता.’ आमच्या ताईंना रात्री अकराला फोन आला की तुम्ही अ‍ॅडमिन आहात, ग्रुपमध्ये काही चुकीचं पडलं तर केस तुमच्यावर होईल, लक्षात ठेवा. त्यांच्या घरचे घाबरले. हे सगळ्या छोट्या-मोठ्या ग्रुपच्या अ‍ॅडमिन लोकांनी वाचावं म्हणून सांगतो, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की अ‍ॅडमिनचा आधीपासून त्यात हात असल्याशिवाय मेंबरने टाकलेल्या मजकुरासाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. त्यामुळे अशा धमकीला घाबरू नका. ताईंना आम्ही हे समजावून सांगितलं आणि त्यांनी काम सोडलं नाही. पण दोघं जण गेले ते गेलेच, त्यांना बागही बघायची आणि रोज शिव्याही ऐकायच्या हे जमेना. त्यांना मी दोष देत नाही.

आता आम्ही काय केलं ते ऐका. तुमच्या प्रत्येक युक्तीवर आम्ही एकेक बंधन घातलं आणि प्रत्येक बंधन शेवटी शेतकऱ्याच्याच गळ्यात पडलं. लिंक बंद केल्या तर हवामानाच्या अंदाजाची लिंक पण टाकता येईना. फोटोंवर नजर ठेवली तर रोगाचे फोटोच रांगेत अडकले. आत येताना प्रश्न विचारायला लागलो तर साठीतले बाबा, ज्यांना टाईप करायला त्रास होतो, ते बाहेरच राहिले, आणि उत्तरं पाठ केलेला तुमचा माणूस आत आला. आता सगळ्या पोस्ट पास करून घ्यायची अट. म्हणजे पहाटे पाचचा फोटो आमच्यापैकी कुणीतरी उठून बघेपर्यंत पडून राहणार. मी फवारणीवर असतो तेव्हा फोन घरी असतो. सातपूरवाला शिफ्टमध्ये असतो. मग तो फोटो तुमच्या जाहिरातींच्या ढिगात असतो, आम्ही एकेक करून नाकारत त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा ऊन पडलेलं असतं आणि त्याने दुकानदाराला विचारून काहीतरी मारून मोकळं झालेलं असतं.

परवा-परवाची नवीन गोष्ट नाही ही. १९९४ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या कँटर आणि सीगल नावाच्या वकील नवरा-बायकोने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेट नावाच्या चर्चागटांमध्ये एका झटक्यात हजारो गटांत टाकली. कुठे विषय काय, लोक काय बोलतायत, काही बघितलं नाही. लोक भडकले, नॉर्वेतल्या एका प्रोग्रॅमरने अशा पोस्ट आपोआप रद्द करणारा प्रोग्रॅम लिहिला. वकिलांनी माफी मागितली नाही, उलट यातून गिऱ्हाईक मिळतं असं जाहीर सांगितलं. तेव्हापासून हेच चालू आहे. एक जण फुकटात शिरतो, राखणारे कुलूप लावतात, तो खिडकी शोधतो. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ साली भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, त्यामागे अफवा आणि माणसं मारली जाण्याची कारणं होती, पण त्यावरही पाच-पाच करून पाठवायला माणसं बसवणारे निघाले. कुठल्याही सेटिंगने हे पूर्ण थांबत नाही. समोरचा माणूस थांबला तरच थांबतं. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितोय.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, जाहिरात आवडली नाही तर पुढे सरका, त्याने कुणाचं काय नुकसान? औषधांच्या बाबतीत काय नुकसान होतं ते सांगतो.

२०१० सालचा हंगाम ज्या घरांनी बघितलाय त्यांना आजही आठवतो. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे, म्हणजे आपण बागेत ज्याला सीसीसी म्हणतो त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. कंटेनर अडकले, माल परत फिरला, भाव पडले, आणि ज्यांनी ते वापरलं नव्हतं त्यांचंही त्यात गेलं, कारण बाजार नाशिकच्या द्राक्षाकडे एकच माल म्हणून बघतो. तेव्हापासून निर्यातवाला शेतकरी प्रत्येक फवारणीची नोंद ठेवतो. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेटवर प्लॉटची नोंदणी असते, काढणीआधी नमुना लॅबला जातो, कोणतं औषध चालतं आणि काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं याची यादी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून येते, आम्ही तिला अ‍ॅनेक्शर पाच म्हणतो. त्या यादीवर आमचं घर चालतं.

आणि तुम्ही काय विकता? ‘सिक्रेट फॉर्म्युला’, ‘शंभर टक्के ऑरगॅनिक, रेसिड्यू फ्री’, डब्यावर घटक काय ते नाही, बॅच नंबर नाही, बिल मागितलं तर ‘बिलाशिवाय स्वस्त पडतं’. त्यात काय आहे हे तुम्हाला तरी माहीत आहे का? एजन्सीतल्या पोराला तर नक्कीच माहीत नसतं, त्याला कॅप्शन लिहायला सांगितलेली असते. नमुना फेल झाला की तो माल लोकल मार्केटला निम्म्या भावात जातो, आणि फेल होण्याचं कारण कुणाला सापडत नाही कारण डब्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. कीटकनाशक कायदा १९६८ पासून आहे, नोंदणी नसलेलं कीडनाशक विकता येत नाही, विकायला परवाना लागतो. टॉनिक म्हणून सुटका होत नाही, २०२१ पासून बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाची वाढ सुधारणारी अशी उत्पादनं, खत नियंत्रण आदेशाखाली आलेत. प्लॉटवाल्यांनाही तेच, ज्या प्रोजेक्टला महारेराची, म्हणजे राज्याच्या घर-प्लॉट नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते त्याच्या जाहिरातीत नोंदणी नंबर लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. ग्रुपमध्ये पडणाऱ्या प्लॉटच्या जाहिरातींत मला तो दिसत नाही. ‘एनए होणार’, ‘रिंग रोड जाणार’, ‘सिंहस्थात भाव डबल’, एवढंच असतं. द्राक्ष विकून आलेले पैसे कुठे घालावेत या विचारात असलेल्या माणसाला बरोबर मार्च-एप्रिलमध्ये हे मेसेज येतात, हा योगायोग नाही, हंगाम बघूनच तुम्ही लावता.

फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. आणि तो फक्त कंपनीला नाही, प्रॉडक्टची भलामण करणाऱ्यालाही लागू शकतो. पैसे घेऊन ‘माझा अनुभव’ सांगणाऱ्या चॅनलवाल्यांनी हे वाचून ठेवावं.

आता तुमची बाजू. ती मला ऐकू येते आणि त्यात तथ्य पण आहे. छोटा धंदा आहे, पेपरात जाहिरात परवडत नाही, कंपनीची पेड जाहिरात करायला बजेट नाही, मग गिऱ्हाईक जिथे आहे तिथे जाणार नाही तर कुठे जाणार? एका एजन्सीतला मुलगा मला फोनवर बोलला, दादा मी पण शेतकऱ्याचाच मुलगा आहे, मला दिवसाला इतक्या ग्रुपमध्ये टाकायचं टार्गेट आहे, नाही टाकलं तर पगार कापतात. मला त्याचं वाईट वाटलं. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला अशी कितीतरी पोरं अशा कामावर बसलेली आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. जो त्यांना टार्गेट देतो आणि जो दुकानदार ‘कसं करता ते मला सांगू नका, फक्त लीड द्या’ म्हणतो, त्या दोघांशी मी बोलतोय.

धंद्याला आमचा विरोध कधीच नव्हता. ग्रुपमधल्या बायका बेदाणा करतात, त्यांनी विचारून पोस्ट टाकली, आम्ही वर पिन करून ठेवली. ओझरकडचा एक जण फवारणीचे ब्लोअर दुरुस्त करतो, त्याचा नंबर लोक स्वतःहून एकमेकांना देतात, त्याने आजवर एक जाहिरात टाकलेली नाही, लोकांचे प्रश्न आले की फुकट सांगतो नोझलचं काय करायचं ते. त्याला फवारणीच्या दिवसात बोलायला वेळ नसतो इतकं काम आहे. परवाना असलेले कृषी केंद्रवालेही आहेत, स्वतःच्या नावाने बोलतात, ‘हे माझ्याकडे मिळतं पण या स्टेजला तुम्हाला लागणार नाही’ असंही सांगतात. त्यांना कुणी काढलं? गावच्या पारावर आजारी बैलाचं बोलणं चालू असताना मध्ये येऊन प्लॉटचं पत्रक हातात कोंबणारा आणि तिथेच बसून बैलाचं ऐकून घेणारा यातला फरक सगळ्यांना कळतो.

ज्या कंपनीच्या अ‍ॅपवर आमचा ग्रुप आहे तिच्याबद्दल पण दोन ओळी. मराठीतली जाहिरात रिपोर्ट केली की ‘आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही’ असं उत्तर येतं. मराठीत अक्षरात लिहिलेला नंबर त्यांच्या यंत्रणेला कळत नाही, आणि काढलेला माणूस त्याच फोनवरून नवीन अकाउंट काढून परत येतो. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे भारतात तक्रार अधिकारी नेमणं, तक्रारीची पोच देणं आणि ती ठरलेल्या मुदतीत निकाली काढणं बंधनकारक आहे. आम्ही आता एकेक तक्रार त्या मार्गाने लेखी करणार आहोत आणि समाधान झालं नाही तर २०२३ पासून असलेल्या सरकारी अपील समितीकडे जाणार आहोत. इतर ग्रुपच्या अ‍ॅडमिननी पण करा, त्याला पैसे लागत नाहीत.

आता मागण्या. साध्या आहेत.

खोटी अकाउंट बंद करा. जे काही विकायचं ते स्वतःच्या किंवा दुकानाच्या नावाने, समोर येऊन. शेतकरी बनून शेतकऱ्याला सल्ला देऊ नका. ही पहिली मागणी आणि बाकी काहीच मान्य नसेल तर एवढी तरी करा.

ज्यांच्याकडे आमच्या मेंबरच्या नंबरच्या याद्या आहेत त्यांनी त्या डिलीट कराव्यात आणि पुढे विकू नयेत. कुणी नंबर काढून टाका म्हणालं तर त्याच दिवशी काढा, वाद घालू नका.

शेतकऱ्यांच्या बागेचे फोटो विचारल्याशिवाय वापरू नका. जे वापरलेत ते काढा आणि ज्याचा फोटो आहे त्याला तसं कळवा.

औषध, टॉनिक, खत काहीही असो, जाहिरातीत उत्पादकाचं नाव, घटक, परवाना किंवा नोंदणी नंबर आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहा. हे लिहिता येत नसेल तर ते द्राक्षाला विकू नका. प्लॉटच्या जाहिरातीत महारेराचा नंबर.

दुकानदारांना आणि उत्पादकांना वेगळं सांगतो. तुमच्या एजन्सीला एकदा विचारा की लीड कुठून आणता, कोणत्या अकाउंटवरून, आणि ते अकाउंट कुणाचं आहे. नाव तुमचं खराब होतं, एजन्सीचं नाही. लोक आम्हाला येऊन सांगतात की अमुकची जाहिरात सतत येते म्हणून आता त्यांच्याकडून घ्यायचंच नाही.

एजन्सी मालकांनी पोरांना ग्रुपमध्ये टाकायची टार्गेट देणं थांबवावं. आणि आमच्या ताईंना रात्री फोन करणं आजपासून बंद. पुन्हा आला तर नंबरासकट पोलिसात तक्रार जाईल, यात चर्चा नाही.

आमच्या बाजूने आम्ही एक करतोय. दर रविवारी जाहिरातीसाठी एक वेगळी पोस्ट असेल, ज्याला जे विकायचंय त्याने तिथे खाली टाकायचं, फुकट. नाव, गाव, दुकानाचा पत्ता, परवाना नंबर. लोक तिथेच खाली आपला अनुभव लिहितील, चांगला-वाईट दोन्ही, आणि तो आम्ही काढणार नाही. सोमवार ते शनिवार ग्रुप प्रश्नांचा. फुलोऱ्याच्या काळात, पाऊस असेल तर रविवारचीही पोस्ट पुढे ढकलू. छाटणी झालेल्या प्लॉटमधून पोंगे बाहेर आलेत आणि ढगाळ वातावरण सांगितलंय, त्यामुळे सध्या रोगाच्या फोटोंना आम्ही पहाटे चारपासून पाळी लावून पास करतोय. नवीन मेंबर घेणं बंदच आहे. ज्यांना वरचं मान्य आहे त्यांनी आपल्या दुकानाच्या किंवा एजन्सीच्या लेटरहेडवर तसं लिहून ग्रुपच्या अ‍ॅडमिनला पाठवा, आम्ही ते नावासकट ग्रुपवर लावू. पुरेशी पत्रं आली की दार उघडू.

आपला,
ग्रुपचा एक मॉडरेटर आणि द्राक्ष बागाईतदार
ता. निफाड, जि. नाशिक